कुत्रीला घेऊन मुक्कामाला जाताना

माझ्या मैत्रिणीने मला तिच्या घरी काही दिवस राहायला बोलावले, तेव्हा ठमीला बरोबर न्यायचे की मागे ठेवायचे, हा प्रश्न मी प्रथमच घाई न करता, टप्प्याटप्प्याने सोडवला. त्या तयारीत, प्रत्यक्ष मुक्कामात आणि नंतरच्या बोलण्यात जे कळले, ते कुत्रा पाळणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ठमी मिश्र जातीची, मध्यम आकाराची, चार वर्षांची कुत्री आहे. स्वभावाने ती शांत आहे, पण अनोळखी पुरुषांजवळ जायला वेळ घेते, आणि मांजर पळताना दिसले की तिला दुसरे काही सुचत नाही. मैत्रिणीच्या घरी ती, तिचा नवरा, शाळेत जाणारी मुलगी, वयस्क सासरे (ज्यांना मी काका म्हणते) आणि मनी नावाची म्हातारी मांजर एवढी मंडळी राहतात. ठमीला ज्या दोन गोष्टी जड जातात, त्या दोन्ही त्या घरात होत्या.

निमंत्रण मला होते, त्यात ठमीचा उल्लेख नव्हता. ‘आमच्याकडे कुत्रा आहे हे त्यांना माहीत आहे, तरी बोलावले, म्हणजे त्याच्यासकट बोलावले’ असे धरून चालणारी पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत. कुत्र्याला घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला सहसा कोणी परत पाठवत नाही. त्यामुळे त्या घरातल्या कोणाला दोन दिवस खोलीत बसून काढावे लागले, हे त्यांच्या कानावर कधी येतही नाही. विचारणे आवश्यक होतेच, पण विचारण्याच्याही आधी मी ठमीची इकडे सोय करून ठेवली. आमच्या शेजारच्या कुटुंबात ती चांगली रुळलेली आहे आणि ते तिला ठेवून घ्यायला तयार होते. ही सोय आधी झाली नसती, तर कुत्रीला नाही म्हणणे म्हणजे मलाच येऊ नकोस म्हणणे झाले असते, आणि जुन्या मैत्रिणीला ते शब्द उच्चारणे किती कठीण गेले असते! ‘नाहीच चालले तर गाडीत ठेवू’ हा पर्याय तर मी मुळात धरतच नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान पहिल्या १० मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने चढते, आणि काचा थोड्या खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

प्रश्न मी फोनवर विचारला नाही, लिहून विचारला. फोनवर समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते आणि संकोचाने तोंडून हो निघून जाते. आमच्या मैत्रिणींच्या गटातही तो टाकला नाही, कारण चारचौघींसमोर नकार देणे आणखी अवघड. मी तिला एकटीला लिहिले: “ठमीची इथे सोय झालेली आहे, त्यामुळे तिला आणलं नाही तरी माझं येणं नक्की आहे. तिला आणलेलं चालेल का, हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारून सांग. काकांना तर मुद्दाम एकटे असताना विचार. मनीला त्रास होईल असं वाटलं, तर तेवढं कारणही पुरे आहे.” उत्तर लगेच आले नाही. मी आठवण केली नाही, कारण आठवण केली की उत्तराला घाई होते.

उत्तर आले ते अटींसह, आणि मला ते फार आवडले. काकांना लहानपणी कुत्रा चावला होता. घरात कुत्रा असायला त्यांची हरकत नव्हती, पण तो अंगावर येता कामा नये. स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोल्यांत कुत्री येणार नाही, सोफ्यावर चढणार नाही, मनीची खोली बंद राहील. माझ्या झोपण्याची व्यवस्था बाहेरच्या खोलीत होती, ठमी तिथेच माझ्याजवळ राहणार होती. मी या अटी जशाच्या तशा पुन्हा लिहून पाठवल्या आणि काही सुटले आहे का ते विचारले. घासाघीस केली नाही. आमच्या घरी ठमी माझ्या पलंगावर झोपते, पण ती आमच्या घरची रीत झाली. तिथे ती जमिनीवर झोपणार होती, आणि तिला ते शिकवायला माझ्या हातात काही आठवडे होते.

तयारीत आधी पशुवैद्यांकडे जाऊन आले. रेबीजची लस तर कुठल्याही पाळीव कुत्र्याला हवीच, पण दुसऱ्याच्या घरात न्यायचे म्हणून लसीकरणाची सगळी पुस्तिका डॉक्टरांकडून तपासून घेतली. लेप्टोस्पायरोसिससारखा आजार कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो, तेव्हा ज्यांच्या जमिनीवर ती वावरणार आहे त्यांना तिच्या लसी पूर्ण आहेत की नाहीत हे कळण्याचा हक्क आहे, असे मला वाटते. पुस्तिकेचे फोटो मी मैत्रिणीने न मागताच पाठवले. गोचिडांच्या औषधाबाबत मात्र एक गोष्ट अशी समजली, की मांजर असलेल्या घरी कुत्रा नेणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असायला हवी. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या थेंबांपैकी काहींमध्ये पर्मेथ्रिन हे द्रव्य असते. कुत्र्यांना ते चालते. मांजरांच्या यकृताला मात्र त्याचा निचरा नीट करता येत नाही. असे थेंब नुकतेच लावलेल्या कुत्र्याला मांजराने अंग घासले किंवा त्याचे केस चाटले, तरी मांजराला झटके येऊ शकतात, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. त्या घरी मांजर आहे हे सांगितल्यावर डॉक्टरांनी ठमीसाठी थेंबांऐवजी पोटात द्यायची गोळी लिहून दिली. नखेही तिथेच कापून घेतली, कारण वाढलेल्या नखांनी दुसऱ्याच्या लाकडी फरशीवर ओरखडे पडतात.

नंतरचे काम सतरंजीचे. कुत्र्याला दुसऱ्याच्या घरी काय काय करू नको हे सांगत बसण्यापेक्षा, तिथे नेमके काय करायचे ते आधी शिकवून ठेवणे फार सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. एक जुनी, सहज घडी होणारी सतरंजी मी त्यासाठी बाजूला काढली. सुरुवातीला ठमीचा पाय सतरंजीवर पडला की तिथेच खाऊ ठेवायचा, मग ती बसली की, मग आडवी झाली की. ती आपणहून जाऊन पडू लागल्यावर वेळ वाढवला, वेळ जमल्यावर अंतर वाढवले, म्हणजे मी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन परत येई. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची, हे पथ्य मी कसोशीने पाळले. पुढे दाराची घंटा वाजवून पाहिली, ताटे मांडून जेवायला बसलो, शेजारच्या मुलांना खोलीतून ये-जा करायला सांगितले. कुत्रा शिकलेली गोष्ट त्या जागेशी जोडून ठेवतो. आपल्या घरात येते म्हणून ती परक्या घरात येईलच असे नसते. त्यासाठी तीच सतरंजी शेजाऱ्यांच्या घरी, सोसायटीच्या आवारात, एका ओळखीच्यांच्या दुकानात नेऊन सराव केला. जेव्हा कुठेही अंथरली तरी ठमी त्यावर जाऊन सुस्कारा टाकून पडू लागली, तेव्हाच तिला न्यायचे मी पक्के केले. तोवर तिला मागे ठेवण्याचा पर्याय मी मनात खुला ठेवला होता आणि शेजाऱ्यांनाही तसे सांगून ठेवले होते.

पोहोचलो त्या दिवशी थेट दारात गेलो नाही. आधी आसपासच्या रस्त्यांवर तिला मनसोक्त हुंगत फिरू दिले. हुंगण्याने कुत्रे नुसत्या धावण्यापेक्षा लवकर निवते, शिवाय शी-शूही बाहेरच उरकते. मग मैत्रिणीच्या नवऱ्याला पट्टा धरून आवारात थांबवले आणि मी एकटीच आत गेले. कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर काय काय आहे, हे त्या घरातल्या माणसांच्या लक्षात येण्याचे कारण नसते, ते पाहण्याचे काम आपले. काकांच्या औषधांचा डबा टीपॉयवर होता, आणि त्यात आयबुप्रोफेनच्या गोळ्या होत्या, ज्या कुत्र्यांना विषारी ठरतात. कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर डिफनबाकियाची कुंडी होती. तिची पाने चावली की तोंडाची आग होते. मनीचा लिटर ट्रे, म्हणजे तिची शी-शूची पेटी, बोळात उघडा होता, आणि ज्यांच्याकडे दोन्ही प्राणी आहेत त्यांना कुत्र्यांची त्यातली रुची सांगायला नको. मैत्रिणीला विचारून डबा वर ठेवला, कुंडी गॅलरीत नेली, ट्रे मनीच्या खोलीत हलवला. निघताना सगळे पुन्हा जागच्या जागी ठेवायचे म्हणून आधी फोटो काढून ठेवले. ठमीच्या गळ्यात माझा फोन नंबर कोरलेला बिल्ला होताच. परक्या घरात मुख्य दार कोणाकडून कधी उघडे राहील याचा नेम नसतो, आणि नव्या जागी सुटलेल्या कुत्र्याला परतीची वाट ठाऊक नसते.

काका त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले होते. मी ठमीला आखूड पट्ट्यावर आत आणले, त्यांच्यापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, येण्याजाण्याच्या वाटेत येणार नाही अशा बेताने सतरंजी अंथरली आणि पट्टा हातात धरून तिच्या शेजारी बसले. त्यांना म्हटले, “काका, ती तुमच्याकडे येणार नाही. तुम्हाला उठून कुठे जायचं असेल तर नुसती मान हलवा, मी आधी तिला बाहेर नेईन.” ‘घाबरू नका, काही करत नाही ती’ हे वाक्य मी कटाक्षाने टाळते. भीती वाटणाऱ्या माणसाला कुत्र्याच्या चांगुलपणाची हमी नको असते. तो आपल्या अंगाजवळ येणार नाही आणि त्याला धरणारे कोणीतरी जागचे हलणार नाही, एवढेच हवे असते. काका बराच वेळ तिच्याकडे पाहत होते. ठमी पडली होती, पण तिने मान भिंतीकडे वळवली होती, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता, आणि जिभेचे टोक झटकन बाहेर येऊन नाकाला लागून आत जात होते. काकांनी विचारले, “तिला भूक लागली आहे का?” मी सांगितले की नाही, खायला समोर नसताना नाक असे चाटणे, जांभया देणे, नजर फिरवणे ही अवघडल्याची खूण आहे, खोली नवी आहे, माणसे नवी आहेत, त्यामुळे तिला अजून सुचत नाही. ते म्हणाले, “म्हणजे तिलाही आमचं टेन्शन आहे तर.” थोड्या वेळाने तिने हनुवटी पुढच्या पायांवर टेकवली, जीभ थांबली, आणि काकांनी पेपर उघडला.

पुढच्या दिवसांत त्यांचा हात खुर्चीवरून खाली लोंबत असे आणि ठमी मान लांब करून त्या दिशेने हुंगत असे. पट्टा थोडा सैल सोडला असता तर ती त्यांच्या बोटांपर्यंत पोहोचली असती, आणि कदाचित ते छानही झाले असते. पण त्यांनी बोलावले नव्हते, म्हणून मी सोडला नाही. घरातली मंडळी चहाला जमली की कोणीतरी म्हणे, “अगं सोड, काका आता नाही घाबरत.” काका स्वतः ते म्हणत नव्हते, आणि मला त्यांच्याकडूनच ऐकायचे होते.

मैत्रिणीच्या मुलीला मात्र उलट आवरावे लागले. तिला कुत्रे फार आवडते, आणि अशाच मुलांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. लहान मुलांना श्वानदंश फक्त भटक्या नव्हे, तर ओळखीच्या कुत्र्यांकडूनही होतात. तिला मी तीन गोष्टी सांगितल्या: ठमी खाताना आणि झोपलेली असताना तिच्याजवळ जायचे नाही, गळ्यात हात टाकायचे नाहीत, आणि सतरंजी ही ठमीची खोली आहे असे समजून तिथे पाऊल ठेवायचे नाही. कुरवाळायचे कसे तेही दाखवले. ठमी आपणहून जवळ आली तर छातीवर दोन-तीन वेळा हात फिरवायचा आणि हात काढून घ्यायचा. ती पुन्हा टेकली तर आणखी, तोंड फिरवले तर पुरे. मुलीने हे इतके मनापासून घेतले की आलेल्या मैत्रिणींना तीच समजावून सांगू लागली. तरीही या दोघींना एका खोलीत एकटे सोडून मी कधी उठले नाही.

खायला घालण्याबाबत घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितले, कारण प्रेमाने एखादा घास टाकणारे कोणी ना कोणी असतेच. चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका, कांदा-लसूण, आणि झायलिटॉल हे गोडीचे द्रव्य असलेले च्युइंगगम किंवा साखरविरहित गोळ्या, ठमीला द्यायचे नाही अशा पदार्थांची एवढी यादी मी फ्रिजवर लावायची परवानगी घेतली. द्राक्षांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि झायलिटॉलने रक्तातली साखर वेगाने उतरते, ही कारणेही खाली लिहिली; कारण कळले की माणसे नियम मनापासून पाळतात. जेवणाच्या वेळी ठमी सतरंजीवर, चघळायला काहीतरी घेऊन पडलेली असे.

मनीबद्दल मी सर्वांत जास्त काळजी केली. काकांना बोलता येत होते, मनीला येत नव्हते, आणि ते घर तिचे होते. दोघींची प्रत्यक्ष गाठ घालण्याचा आग्रह आम्ही धरलाच नाही. ठमीच्या अंगाखालचा टॉवेल मनीच्या खोलीत आणि मनीच्या अंगाखालचा ठमीजवळ, अशी वासांची देवाणघेवाण तेवढी केली. दुसऱ्या दिवशी मैत्रीण म्हणाली की मनीने अर्धेच खाल्ले आहे. मांजराने एखाद-दोन दिवस खाणे सोडले तरी त्याच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ही गोष्ट कुत्र्यांच्या बाबतीत असते त्याहून अधिक गांभीर्याने घ्यावी लागते. तेव्हापासून मी सकाळी आणि संध्याकाळी ठमीला दोन-दोन तास बाहेर नेऊ लागले आणि त्या वेळात मनीच्या खोलीचे दार उघडे राहू लागले. ती घरभर फिरे, ठमीचा कोपरा हुंगे, आणि खिडकीतल्या आपल्या जागेकडे न जाता परत खोलीत जाई. खाणे सुधारले, पण खिडकी तिने सोडली ती सोडलीच.

मैत्रिणीचा मावसभाऊ एका दुपारी येणार होता आणि त्याला कुत्र्यांची ॲलर्जी आहे. हे तिने आदल्या रात्री सांगितले, म्हणून बरे झाले. मी ठमीला घेऊन बाहेर जाईन असे म्हटले, पण तेवढ्याने भागणार नाही हेही सांगितले. ॲलर्जी उत्पन्न करणारी प्रथिने कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात; ती कापडांत आणि गालिच्यांत जाऊन बसतात आणि कुत्रा गेल्यावरही कितीतरी आठवडे राहतात. केस कमी गळणाऱ्या जातींपासून ॲलर्जी होत नाही, ही समजूतही खरी नाही. मैत्रिणीने त्याला फोन करून परिस्थिती जशी होती तशी सांगितली, आणि त्याने बाहेरच भेटायचे ठरवले. मला त्याचे वाईट वाटले, कारण माझ्या कुत्रीमुळे एका माणसाला त्याच्या बहिणीच्या घरात येता आले नाही, आणि पुढे काही आठवडे तरी येता येणार नव्हते. ॲलर्जीचा प्रश्न फक्त घरात राहणाऱ्यांपुरता विचारून भागत नाही, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांबद्दलही विचारावा लागतो. आता मी माझ्या पहिल्याच निरोपात तो घालते.

ठमीला त्या घरी एकटी ठेवून आम्ही कधीच बाहेर पडलो नाही. परक्या जागी एकटे पडलेले कुत्रे भुंकते, दार ओरबाडते, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यजमानाला ऐकाव्या लागतात. एकदा सगळे लग्नाला गेले, तेव्हा मी मागे राहिले. तिने घरात लघवी केली नाही, पण केली असती तर लागेल म्हणून एन्झाइमयुक्त क्लीनर मी जवळ ठेवला होता. अमोनिया असलेल्या क्लीनरने पुसले तर त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच येतो आणि ते पुन्हा त्याच जागी जाते. तिची शी मी पिशवीत बांधून बाहेरच्या कचराकुंडीतच टाकत असे, घरातल्या डब्यात कधीच नाही. केस रोज मीच झाडले, आणि निघायच्या दिवशी व्हॅक्यूम क्लीनर मागून घेऊन सोफ्याखालपर्यंत फिरवला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काका म्हणाले, “सोड तिला जरा.” मी दोनदा विचारले, त्यांनी दोनदा हो म्हटले. पट्टा हातातून सोडला, पण फरशीवर लांब राहू दिला, म्हणजे गरज पडली तर पाय ठेवता यावा. ठमी उठली, त्यांच्या चपला हुंगल्या, गुडघ्यापाशी क्षणभर थांबली आणि वळून सतरंजीवर आली. काकांनी हात लावला नाही, आणि मीही लावा म्हटले नाही.

घरी पोहोचल्यावर काही दिवस जाऊ दिले आणि मग मैत्रिणीला पुन्हा लिहून विचारले: “ठमीमुळे तुमची कोणाची काय गैरसोय झाली, ते मोकळेपणाने सांग. पुढच्या वेळी तिला आणू नको असं वाटत असेल, तर शेजारी तिला ठेवायला तयार आहेतच.” या वेळी उत्तर लवकर आले. काकांची काही तक्रार नव्हती, मुलगी रोज ठमीची चौकशी करत होती, भाऊ अजून घरी आला नव्हता, आणि मनी आम्ही निघाल्यानंतर चौथ्या दिवशी खिडकीत जाऊन बसली. “तू ये, केव्हाही ये,” तिने लिहिले, “पण ठमीला आता मुक्कामाला नको आणूस. मनीचं वय झालंय.” मी त्याच वेळी शेजाऱ्यांना पुढच्या सुट्टीच्या तारखा कळवल्या.